पायी अंतर दोनशे बारा मीटर

आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून त्या हॉटेलच्या स्वयंपाकघराचा धूर फेकणारा पंखा अकरा फुटांवर आहे. हे मी स्वतः मोजलंय. टेपचं एक टोक बायकोच्या हातात दिलं, दुसरं टोक कपडे वाळत घालायच्या काठीला बांधलं आणि खिडकीतून इतका बाहेर वाकलो की खाली बोळात कांदे सोलत बसलेल्या आचाऱ्यानं सुरी बाजूला ठेवली आणि मला झेलायला दोन्ही हात पसरले. अकरा फूट. आणि पालिकेच्या दप्तरात मी त्याच हॉटेलपासून दोनशे बारा मीटर लांब राहतो. त्यामुळे 'बाधित व्यक्ती' या व्याख्येत मी बसत नाही. मला बाधा होते, पण मी बाधित नाही. हे वाक्य मला एका कारकुनानं चहाचा घोट घेता घेता ऐकवलं. त्या दिवसापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही, आणि येऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याबद्दल उलटसुलट बोललं जातं. लोकांनी रात्री बाहेर जेवू नये असं माझं म्हणणं नाही. लोकांनी खुशाल पहाटेपर्यंत जेवावं. पोट त्यांचं आहे. माझं भांडण एका माणसाच्या झोपेपुरतं आहे, आणि तो माणूस मी नाही. मी कुठंही झोपतो. ऑफिसात तर माझी ख्यातीच आहे. प्रश्न बायकोचा आहे.

बायको पालिकेच्या रुग्णालयात रक्त काढते. बावीस वर्षं हेच काम. पहाटे साडेचारला उठते, साडेपाचला घर सोडते, सहाला तिच्यासमोर उपाशी पोटांची रांग लागलेली असते. म्हाताऱ्यांच्या लपलेल्या शिरा, तान्ह्या बाळांच्या दोऱ्याएवढ्या शिरा, सगळ्या तिला पहिल्या टोचण्यात सापडतात. रांगेतले लोक शेजारची खिडकी मोकळी असली तरी तिच्याचकडे थांबतात. 'न दुखवणाऱ्या बाई' असं तिचं नाव पडलंय. घरी मला ती ज्या ज्या गोष्टी टोचून बोलते त्या पाहता या नावावर माझा विश्वास बसत नाही, पण रुग्णांचं मत वेगळं आहे.

हॉटेलला आधी रात्री अकरापर्यंतचाच परवाना होता. मग मालकानं दोन वाजेपर्यंतचा मागितला आणि पालिकेनं त्याला 'अटींच्या पूर्ततेच्या अधीन' म्हणून तीन महिन्यांची तात्पुरती परवानगी दिली. तेव्हापासून आमच्या उशाशी पंख्याची घरघर, कढयांची आदळआपट, बोळात उभं राहून फोनवर भांडणारे वाढपी आणि दोन वाजता रिकाम्या बाटल्यांचं पिंप ओतल्याचा आवाज. तो आवाज संपला की अडीच तासांनी बायकोचा गजर. दोन महिने असे गेले आणि एके दिवशी तिच्याविरुद्ध तक्रार आली. एका माणसाला दोनदा टोचावं लागलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पंधरा दिवसांनी दुसरी तक्रार. तिसरी आली की हातातली सुई काढून घेऊन अहवाल वाटायच्या खिडकीवर बसवतात, असा तिथला रिवाज आहे. हे तिनं मला भाजी चिरता चिरता सांगितलं आणि मी पाहिलं की ती सुरीसुद्धा सावकाश चालवत होती.

त्याच संध्याकाळी मी हॉटेलच्या दारावरची नोटीस वाचली. दोन वाजेपर्यंतचा परवाना आता कायमचा होणार होता आणि बाधित व्यक्तींनी पंधरा दिवसांत लेखी हरकती द्याव्यात असं तिच्यात म्हटलं होतं. नोटीस मेन्यूकार्डाच्या मागे लावलेली होती, म्हणजे ती वाचायची तर आधी सुपाचे नऊ प्रकार वाचावे लागत. मी पोचलो तेव्हा अकरावा दिवस होता.

आता, पालिकेची गाठ चुकीच्या माणसाशी होती. मी विमा कंपनीत दावे नाकारण्याची पत्रं लिहितो. अठरा वर्षं लिहितोय. 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, तथापि' या शब्दांनी सुरू होणारं पत्र तुम्हाला कधी आलं असेल तर ते मीच लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. नियमात माणूस कसा अडकवायचा हे मला कुणी शिकवायला नको. मी दोन दिवस रजा टाकली आणि चौदा पानांची हरकत तयार केली. सोबत आवाजाचा तासवार तक्ता, खिडकीचा फोटो, काठीसह टेपचा फोटो, बायकोच्या दोन्ही तक्रारींच्या प्रती. बाइंडिंग करून घेतलं. खरं सांगतो, माझ्या लग्नाच्या अल्बमचं बाइंडिंगही इतकं चांगलं नव्हतं.

पालिकेतल्या कारकुनानं ती चौदा पानं उघडलीच नाहीत. वरचा पत्ता वाचला, एक नकाशा पसरला, त्यावर बोट फिरवलं आणि चहा घेतला. "तुमच्या बिल्डिंगचं दार मोठ्या रस्त्यावर आहे. हॉटेल मागच्या गल्लीत. हॉटेलच्या दारातून निघायचं, गल्लीच्या तोंडाला यायचं, औषधांच्या दुकानाला वळसा घालायचा, मग तुमचं दार. पायी अंतर दोनशे बारा मीटर. पन्नासच्या आतले ते बाधित."

मी म्हटलं, आवाज पायी येत नाही. तो म्हणाला, नियमात तसं काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, आवाज औषधांच्या दुकानाला वळसा घालत नाही, सरळ खिडकीतून येतो. तो म्हणाला, तसं असेल तर खिडकी लावून घ्या. अठरा वर्षं मी लोकांना जे करत आलो ते पहिल्यांदाच कुणीतरी मला करत होतं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याची पद्धत माझ्याहून चांगली होती. मी 'तथापि' तरी म्हणतो.

पन्नास मीटरच्या आत कोण राहतं असं विचारल्यावर त्यानं नकाशावर एकच घर दाखवलं. हॉटेलला लागून असलेलं बैठं घर. म्हणजे गल्लीत एकटे राहणारे म्हातारे आजोबा. म्हणजे संपूर्ण वस्तीत पालिकेच्या लेखी बाधित व्यक्ती एकच, आणि ती ठार बहिरी.

या टप्प्यावर बिल्डिंगमध्ये बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे 'सल्लागार' म्हणतात, तोंडावरही म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. त्यांनी पहिल्या दिवशी कानात कापूस घालायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी पलंगाची दिशा बदलायला, तिसऱ्या दिवशी न्यायालयात जायला आणि चौथ्या दिवशी न्हाणीघरात गादी टाकून झोपायला. त्यांची स्वतःची खोली मोठ्या रस्त्याच्या बाजूला आहे, तिथं रात्री मुंगी चालली तरी ऐकू येते. समोरच्या काकू म्हणाल्या की जागरण होतंच आहे तर वहिनींनी त्या वेळात काहीतरी शिकून घ्यावं, शिवण वगैरे. हे त्या मनापासून म्हणाल्या. मनापासून बोलणाऱ्या माणसाचा गळा धरता येत नाही.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले की असे विषय मीटिंगपुढे यायला हवेत. सेक्रेटरींबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचा एक नियम आहे. सोसायटीच्या नावानं आलेलं कोणतंही पाकीट ते एकटे उघडत नाहीत. पाकीट मीटिंगमध्ये, सर्वांसमक्ष, कात्रीनं उघडलं जातं. मागच्या सेक्रेटरीवर कुणीतरी संशय घेतला होता, म्हणून ही व्यवस्था. व्यवस्था उत्तम आहे, फक्त मीटिंगला कुणी येत नाही. सात माणसं लागतात, चार येतात, चहा पिऊन जातात. त्यामुळे दीड वर्षाची पाकिटं सेक्रेटरींच्या कपाटात एका डब्यात नीट तारीखवार लावून ठेवलेली आहेत. त्याचा त्यांना फार अभिमान आहे. हा डबा लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवला नाही.

मी आजोबांकडे गेलो. त्यांना पाटीवर लिहून दाखवावं लागतं. मी लिहिलं की हॉटेल रात्री दोनपर्यंत चालतं, तुमचं काय म्हणणं आहे? त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. तिथं त्यांची खुर्ची होती, पायावर घ्यायची शाल होती आणि शेजारी स्टुलावर हॉटेलचा सुपाचा वाडगा होता, धुऊन पालथा घातलेला. मालक रोज संध्याकाळी सूप पाठवतो. "आधी काय होतं, आठ वाजले की गल्ली मरायची," आजोबा म्हणाले. "आता माणसं दिसतात. एक जोडपं येतं, रोज भांडतं, रोज एकाच ताटात जेवतं. मी बघतो."

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. एकटा माणूस, त्याला उजेड मिळाला होता. तरी मी कर्तव्य म्हणून पालिकेतून आणलेला हरकतीचा फॉर्म पुढे केला आणि इथं सही करा अशी खूण केली. फॉर्मवर दोन चौकोन होते, हरकत आहे आणि हरकत नाही. आजोबांनी चष्मा लावून सगळा फॉर्म वाचला, दुसऱ्या चौकोनात बरोबरची खूण केली, खाली वळणदार सही केली आणि मला सांगितलं की आता आलाच आहात तर जाताना हा पालिकेत टाका. मी टाकला. माणसाचा कागद दाबून ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मी नाकारतो, पण दाबत नाही. कारकुनानं नोंद केली: एकूण बाधित एक, हरकती शून्य, शंभर टक्के बाधितांची संमती. ती नोंद वाचून मी घरी आलो आणि जेवलो नाही.

त्या संध्याकाळी खिडकीत उभा राहून मी खालच्या बोळाकडे रागानं बघत होतो. बोळ म्हणजे हॉटेलच्या मागची अरुंद, आंधळी जागा. एका बाजूला हॉटेलच्या स्वयंपाकघराचं मागचं दार, दुसऱ्या टोकाला गोदामाची भिंत, आणि आमच्या बाजूला आमच्या कंपाउंडमधलं जुनं लोखंडी फाटक. ते किती वर्षं बंद आहे कुणालाच माहीत नाही. साखळी आहे, कुलूप आहे, आणि गंजामुळे कुलूप कुठं संपतं नि फाटक कुठं सुरू होतं ते कळत नाही. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवशी कारकुनाला विचारलं, अंतर हॉटेलच्या कोणत्या दारापासून मोजतात? तो म्हणाला, कोणत्याही. मी विचारलं, आणि आमच्याकडे दुसरं फाटक असेल तर? तो म्हणाला, असेल तर तिथून, पण ते खरोखर वापरात हवं, परवाना पाडण्यापुरतं उघडलेलं चालणार नाही.

मग मी काय काय केलं ते ऐका, कारण हे सगळं मी केलंय, दुसऱ्या कुणी नाही. मी घरोघर जाऊन मीटिंगसाठी सात माणसं गोळा केली. त्यांना खायला प्यायला घातलं. पाकिटांचा डबा उघडायचा विषय सेक्रेटरींनी पहिला ठेवला होता, तो मी वेळेअभावी पुढे ढकलायला लावला. फाटकाचा ठराव मी स्वतः लिहिला. कारकुनाला शंका नको म्हणून असा लिहिला की त्यात सुईच्या टोकाएवढी फट राहू नये: 'सदर फाटक हे रहिवाशांच्या तसेच परिसरातील सर्व नागरिकांच्या सोयीसाठी व सुरक्षिततेसाठी कायमस्वरूपी खुले ठेवण्यात यावे.' सर्वानुमते मंजूर. सल्लागार म्हणाले की 'सुरक्षिततेसाठी' हा शब्द विशेष चांगला आहे. मी मानेनं आभार मानले.

वेल्डर आला, त्यानं साखळी कापली. फाटक निघेना. त्यानं बिजागऱ्या कापल्या. फाटक माझ्या पायावर पडलं. नवीन बिजागऱ्या, नवीन कुलूप, हिरवा रंग. रंग मी एका पायावर उभा राहून दिला. आचारी आतून बाहेर येऊन म्हणाला, काका, द्या इकडे, आणि अर्धं फाटक त्यानं रंगवलं. मालकही येऊन बघून गेला. तो माणूस इतका नम्र आहे की संताप येतो. त्यानं विचारलं, "हे आता कायमचं उघडं राहणार का?" मी म्हटलं, कायमचं. त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, घाबरला.

बायकोनं मात्र रात्री विचारलं, "अहो, हे दार उघडल्यानं आपल्यालाच काही त्रास नाही ना व्हायचा?" मी तिला पायी अंतराचा नियम समजावून सांगितला. ती ऐकत होती. तिचा उजवा हात चादरीवर होता आणि डाव्या हातानं तिनं तो धरून ठेवला होता. तेव्हा मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला माझ्याकडे वेळ नव्हता, कारण मी पुढचं पत्र मनात जुळवत होतो.

पालिकेचा मोजणीवाला आला. त्याच्याकडे दांड्याला चाक लावलेलं यंत्र होतं. हॉटेलच्या मागच्या दारापासून बोळ, बोळातून फाटक, फाटकातून आमचा जिना. त्यानं चाक फिरवत नेलं आणि मी त्याच्या मागोमाग लंगडत गेलो. एकेचाळीस मीटर. मी बाधित झालो होतो. अभिनंदन करावं अशी ती गोष्ट नाही, पण सल्लागारांनी माझा हात हातात घेतला आणि काकूंनी वरून टाळ्या वाजवल्या.

सुनावणी दुपारी तीनला होती. आमचा विषय नववा. आठवा विषय एका बाकाचा होता. बाक झाडाखाली ठेवावा की झाडापासून लांब, यावर समितीनं पावणेदोन तास चर्चा केली आणि बाक पुढच्या बैठकीवर ढकलला. मग परवाना समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि आमचा विषय काढला. मी उभा राहिलो, चौदा पानं उघडली, घसा साफ केला.

अध्यक्ष म्हणाले, बसा, तुमचं काम झालंय.

मला क्षणभर फार बरं वाटलं. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. या उपाहारगृहाचा कायम परवाना आजवर एकाच गोष्टीसाठी अडला होता. रात्री अकरानंतर ग्राहक बसवायचे तर आपत्कालीन दुसरी वाट लागते, आणि मागचं दार आंधळ्या बोळात उघडत असल्यानं ती वाट नव्हती. मालकानं शेजारच्या सोसायटीला फाटक उघडण्याबद्दल तीन पत्रं लिहिली होती, पण उत्तर आलं नव्हतं. मी मान वळवून सेक्रेटरींकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. तीन पाकिटं, तारीखवार, डब्यात.

"तथापि," अध्यक्ष म्हणाले, आणि मी चौदा पानं मिटली, "सोसायटीनं आता आपणहून फाटक खुलं केलं आहे. ठरावाची भाषा समितीला फार आवडली." आणि त्यांनी माझं वाक्य वाचून दाखवलं, सर्व नागरिकांच्या सोयीसाठी, सुरक्षिततेसाठी, कायमस्वरूपी, एकेक शब्द थांबून थांबून. एका सदस्यानं असा नागरिक प्रत्येक वॉर्डात हवा असं म्हटलं. मालक उठला आणि मला वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, माझी हरकत आहे, मी एकेचाळीस मीटरवर आहे, बाधित आहे. अध्यक्ष म्हणाले, हरकतींची मुदत पंधरा दिवस होती. तुम्ही बाधित झालात एकोणतिसाव्या दिवशी.

परवाना मंजूर. वर एक अट: हॉटेल चालू असेपर्यंत फाटकापाशी एक जबाबदार रहिवासी किल्लीसह उपलब्ध असावा आणि दोन वाजता त्यानं फाटक लावावं. सेक्रेटरींनी छतावरची नजर खाली आणली आणि माझं नाव सुचवलं. मी ओरडलो. मी काय ओरडलो ते इतिवृत्तात आलेलं नाही, 'रहिवाशांनी समाधान व्यक्त केले' एवढंच आलं आहे. ते इतिवृत्त मी फाडलं, मग दुसरी प्रत आणून तीही फाडली. तिसरी प्रत जपून ठेवली आहे, कारण कागद ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी उठलो तर बायको शेजारी झोपलेली. मला आनंद झाला. मी पाय न वाजवता चहा केला. ती उठल्यावर म्हटलं, बरं झालं, एक दिवस रजा घेतलीस.

"रजा नाही," ती म्हणाली. "आता नऊला जायचंय. खिडकीवर बसते मी. अहवाल वाटायचे."

मी म्हटलं, तिसरी तक्रार आली? कुणी केली? नाव सांग, मी बघतो त्याच्याकडे.

"आली नाही. मीच अर्ज दिला. परवा चार महिन्यांचं बाळ होतं. त्याचा हात धरला आणि माझाच हात थरथरला. मी सुई खाली ठेवली." तिनं कप उचलला. "तिसऱ्या तक्रारीची वाट कशाला बघायची? तो तिसरा कुणीतरी माणूसच असणार ना."

मी तिच्या झोपेसाठी लढत होतो. चौदा पानं, सात सह्या, हिरवा रंग, आणि ती शेजारी पडून आपला हात आपणच धरून ठेवत होती. मला पालिकेचा राग आला, मालकाचा आला, डब्याचा आला, आणि सगळ्यांपेक्षा जास्त माझा स्वतःचा आला. तो अजून तसाच आहे. बावीस वर्षांचा हात, पंख्याच्या घरघरीनं आणि माझ्या हुशारीनं घालवला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, म्हणजे गेल्या सोमवारी, बायको संध्याकाळी घरी आली ती जरा वेगळीच. पर्स ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, आज तुमचे अध्यक्ष आले होते.

परवाना समितीच्या अध्यक्षांना साखर आहे. दर महिन्याला उपाशी पोटी रक्त द्यायला येतात. हा माणूस आजवर बायकोच्याच रांगेत थांबत होता, फक्त तो कोण ते तिला माहीत नव्हतं आणि ती कोण ते त्याला. या वेळी सुई नव्या मुलीच्या हातात होती. तिनं तीनदा टोचलं. कोपराजवळ वांग्याएवढं निळं झालं. अध्यक्ष हात धरून अहवालाच्या खिडकीवर आले आणि म्हणाले की ही काय पद्धत आहे, इथं एक बाई होत्या, त्या कधी टोचायच्या ते कळतही नसे, त्या कुठं गेल्या?

बायको म्हणाली, मीच ती. मग त्यांनी विचारलं, तुम्ही इथं काय करताय? आणि तिनं सांगितलं. पंखा अकरा फुटांवर आहे, हॉटेल दोनला बंद होतं, माझा गजर साडेचारचा होता, झोप व्हायची नाही, हात थरथरायला लागला. आवाज न चढवता, तिच्या पद्धतीनं. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं होतं तर तेव्हाच लेखी द्यायचं होतंत."

मी खुर्चीवरून उठलो. मी म्हटलं, तू काय केलंस? तू त्याला काय म्हणालीस?

"काही नाही. त्यांना त्या तीन टोचण्यांची तक्रार करायची होती. मी म्हटलं, लेखी द्या. फॉर्म इथंच मिळतो."

अध्यक्षांनी फॉर्म भरला, डाव्या हातानं, कारण उजवा दुखत होता. एका रकान्यापाशी अडले. 'त्रासाचे कारण, माहीत असल्यास.' त्यांनी विचारलं, इथं काय लिहू? बायको म्हणाली, जे आहे ते लिहा. मग त्यांनी तिच्यासमोर लिहिलं, की अनुभवी कर्मचाऱ्यास घराशेजारील उपाहारगृहाच्या रात्रीच्या आवाजामुळे झोप मिळत नसल्याने तिला या कामावरून दूर व्हावे लागले, त्यामुळे मला तीन वेळा टोचण्यात आले. खाली सही. बायकोनं विचारलं, बाधित व्यक्ती म्हणून तुमचंच नाव ना? ते म्हणाले, मग आणखी कुणाचं?

मी अठरा वर्षं पत्रं लिहितो. इतकं नेमकं वाक्य मला एकदाही जमलेलं नाही. मी तिला म्हटलं, त्याची एक प्रत मला हवी. ती म्हणाली की तो रुग्णालयाचा कागद आहे, घरी आणता येत नाही, आणि तशी गरजही नाही. रुग्णालय पालिकेचं आहे. त्रासाचं कारण ज्या खात्याशी संबंधित असेल त्या खात्याच्या प्रमुखाकडे दुसरी प्रत जाते, आणि त्यानं सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं. प्रत तिनंच पाकिटात घातली, तिनंच पत्ता लिहिला: अध्यक्ष, परवाना समिती.

आज सहावा दिवस आहे. बायको अजून खिडकीवर बसते आणि रांगेतले लोक अजून तिला विचारतात. फाटकाची किल्ली माझ्या गळ्यात आहे. रोज दोन वाजता मी ते लावतो आणि मनात येतं, धाडकन आपटावं, साऱ्या गल्लीला कळू दे. मग वर खिडकीकडे बघतो, ती आत्ता कुठं झोपलेली असते, आणि मी फाटक दोन्ही हातांनी धरून आवाज न करता टेकवतो.